लग्नाआधीची मैदानभेट : दोन्हीकडच्या पुरुषांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या बारा वर्षांत आमच्या घरात सात लग्नं झाली. त्यांतल्या पाच लग्नांआधी मुलीकडच्या आणि मुलाकडच्या पुरुषांना एका सकाळी मोकळ्या मैदानावर एकत्र आणायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्यांदा मी मुलीचा मामा होतो म्हणून, नंतर सवयीने. आता ओळखीतल्या कोणाचं लग्न ठरलं की फोन येतो आणि तेच प्रश्न पुन्हा विचारले जातात. ते प्रश्न आणि माझी उत्तरं इथे लिहून ठेवतो आहे. सगळं मुंबई डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे.

मैदानभेट म्हणजे नेमकं काय करायचं?

लग्नाच्या तीन-चार आठवडे आधी एका रविवारी सकाळी दोन्ही घरांतले पुरुष उघड्यावर भेटतात. वडील, काका, मामा, आत्याचे यजमान, भाऊ, मेव्हणे आणि कळत्या वयाची मुलं. एकत्र खेळायचं किंवा चालायचं, एकत्र नाश्ता करायचा आणि अकराच्या आत आपापल्या घरी जायचं. गुरुजी नाहीत, आहेर नाही, शाल-श्रीफळ नाही. हा काही विधी नाही, कुठल्या एका जातीची प्रथाही नाही. ‘मैदानभेट’ हे नाव आमच्याच घरात पडलं. वीस ते पंचवीस माणसं पुरेत. चाळिसाच्या वर गेलात की गर्दी जमते, ओळख होत नाही.

साखरपुडा होतो, याद्यांची बैठक होते, केळवणं होतात. मग हे आणखी कशाला?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

याद्यांच्या बैठकीत पुरुष भेटतात, पण कसे? मुलीकडचे एका भिंतीला, मुलाकडचे समोरच्या भिंतीला आणि मध्ये वही. हॉल कोणी बघायचा, पंगती किती, मानाची माणसं किती, कोणाला काय द्यायचं. तिथे प्रत्येक जण आपल्या घराची बाजू धरून बसलेला असतो. साखरपुड्याला कडक इस्त्रीचे कपडे, दोन फोटो आणि जेवण. केळवणं तर आपापल्या नातेवाइकांकडे होतात, तिथे व्याही नसतातच. मग लग्नाच्या दिवशी गुरुजी सांगतात म्हणून व्याहीभेट होते, दोघं एकमेकांना मिठी मारतात, फोटोग्राफर म्हणतो “साहेब, इकडे बघा”. ज्या माणसाला मिठी मारली त्याला चहा किती साखरेचा लागतो, हेही माहीत नसतं.

माझं लग्न १९९६ साली झालं. सकाळी हॉलवर पाणी वेळेवर आलं नाही. नाश्ता तासभर लांबला. आमच्या बाजूचं कोणीतरी चारचौघांत बोललं, तिकडून कोणीतरी तितक्याच जोरात उत्तर दिलं. माझे वडील आणि माझे सासरे दोघंही सरळ, मायाळू माणसं. पण त्या दिवसापर्यंत ते फक्त दोनदा भेटले होते आणि दोन्ही वेळा त्यांच्यामध्ये वही होती. त्यानंतर जवळजवळ सहा वर्षं ते एकमेकांशी सणावारापुरतंच बोलले. त्या सहा वर्षांत माझ्या बायकोने दोन्ही घरांमध्ये किती निरोप पोहोचवले असतील, ते मी पाहिलं आहे. ती एक सकाळ आधी एकत्र घालवली असती तर हे टळलं असतं, असं मला मनापासून वाटतं. माझ्या भाचीचं लग्न ठरलं तेव्हा मी एवढंच म्हणालो, “यादी करायच्या आधी आपण सगळे एकदा मैदानावर भेटू.”

हॉटेलात जेवायला भेटलं तर नाही का चालणार?

जेवायला भेटा, जरूर भेटा, पण त्याने हे काम होत नाही. लांबलचक टेबलावर माणूस शेजारच्या दोघांशीच बोलतो आणि शेजारी बहुधा आपलाच भाऊ बसलेला असतो. शिवाय कोणाच्या तरी डोक्यात बिल असतंच.

दुसरं कारण पुरुषांच्या स्वभावातलं. आमच्या पिढीच्या बहुतेक पुरुषांना नुसतं समोरासमोर बसून बोलता येत नाही. “बाकी काय?” “बस, चाललंय.” इथे संपतं. हातात काम असलं की मात्र आपोआप बोललं जातं. स्टंप रोवताना, पाण्याचा जार उचलताना, हरवलेला चेंडू शोधताना. म्हणून मोकळी जागा हवी आणि करायला काहीतरी हवं.

कधी ठेवावी?

तुळशीचं लग्न झालं की मुंबईत लग्नसराई सुरू होते आणि हवाही तेव्हाच बरी व्हायला लागते. नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. ऑक्टोबरमध्ये आणि एप्रिल-मेमध्ये भेटायचंच असेल तर साडेसहाला सुरू करा आणि नऊला आवरा. त्यानंतरचा घामट उकाडा साठीच्या माणसांना झेपत नाही. डिसेंबर-जानेवारीत मुंबईत सूर्य सातच्या आसपास किंवा त्याच्याही पुढे उगवतो, तेव्हा सातच्या आधी कोणाला बोलावू नका.

रविवार ठरवताना दोन गोष्टी बघा. कॅलेंडरवर त्या दिवशी संकष्टी किंवा एकादशी आहे का, म्हणजे नाश्त्याची पंचाईत होणार नाही. आणि मध्य व हार्बर मार्गावर मेगाब्लॉक आहे का. तो बहुधा अकराच्या सुमारास लागतो, त्यामुळे सकाळी येताना अडचण नसते, परतताना खोळंबा होतो. डोंबिवली-कल्याणहून येणाऱ्यांना हे आधी सांगून ठेवा.

मुंबईत जागा कुठे मिळेल?

आधी दोन्ही घरांतली माणसं कुठून येणार ते बघा, मग जागा ठरवा. एक घर पश्चिम मार्गावर आणि दुसरं मध्य मार्गावर असेल तर दादर किंवा फोर्ट ही दोघांनाही सारखी पडणारी ठिकाणं. आपल्या सोसायटीच्या आवारात बोलावू नका. तिथे एक बाजू यजमान होते आणि दुसरी पाहुणी, आणि आपल्याला नेमकं तेच नको आहे.

आझाद मैदान माझ्या सगळ्यांत आवडीचं. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून चालत पाच-सात मिनिटं. तिथे २२ खेळपट्ट्या आहेत आणि रविवारी एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या पॉइंटजवळ उभा असतो. क्लबांनी राखलेल्या खेळपट्ट्यांवर पाय ठेवायचा नाही. कडेच्या मोकळ्या जागेत टेनिस बॉलने खेळायचं. फेब्रुवारी १९८८मध्ये हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रम शाळेच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली ती याच मैदानावर. आमच्या एका भेटीत दोन्हीकडच्या पन्नाशीतल्या माणसांना हा विषय मिळाला आणि तेव्हा आपण कोणत्या शाळेत होतो, कोणाकडून हरलो, हे अर्धा तास चाललं. पश्चिम मार्गावरच्या मंडळींना चर्चगेटजवळचं ओव्हल सोयीचं.

शिवाजी पार्कवर माणसं जास्त असतील तर खेळायचा आग्रह धरू नका. रविवारी सकाळी नेट्स आणि सामने असतात, मोकळी जागा फार थोडी उरते. पण चालायला आणि बसायला त्यासारखी जागा नाही. मैदान १९२५ साली माहीम पार्क या नावाने खुलं झालं आणि दोन वर्षांनी त्याला शिवाजी महाराजांचं नाव मिळालं. भोवतीच्या कट्ट्याने दादरच्या किती पिढ्यांना बसायला जागा दिली असेल! ज्या घरांत म्हातारी माणसं जास्त आहेत, त्यांनी मैदानाला दोन फेऱ्या मारायच्या आणि कट्ट्यावर नाश्ता करायचा. तेवढ्यानेही काम होतं.

खेळाची आवड नसलेल्या घरांसाठी बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान. फाटकापासून कान्हेरी लेण्यांपर्यंत सुमारे सहा किलोमीटर झाडीतला रस्ता आहे. सहा किलोमीटर दोन माणसं शेजारी शेजारी चालली की कितीही अबोल असली तरी बोलतात. गुडघे दुखणाऱ्यांना वाहनाने वर पाठवा. वर बेसॉल्टच्या डोंगरात कोरलेली शंभराहून जास्त लेणी आहेत, पाण्याची टाकी आहेत, आणि कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांचे शिलालेख आहेत. उद्यान सोमवारी बंद असतं. चूल, शेकोटी, प्लास्टिक काही चालत नाही. माकडं हातातली पिशवी ओढतात, म्हणून खाणं बॅगेत आत ठेवा. बिबट्यांचं जंगल आहे, पायवाट सोडून आत शिरू नका.

घारापुरीचाही विचार करा. गेटवेवरून लाँच सुमारे तासाभरात पोहोचते. त्या तासात कोणाला उठून जाता येत नाही, आणि समुद्रावरच्या वाऱ्यात माणसं सैल होतात. सोमवारी लेणी बंद, आणि पायऱ्या बऱ्याच आहेत.

मढ, मार्वे, मनोरी, गोराई या बाजूला गेलात तर वर्सोवा किंवा मार्व्याची बोट घेण्यात मजा आहे. पण एक गोष्ट कळकळीने सांगतो : आक्साच्या किनाऱ्यावर पाण्यात उतरू नका. तिथे माणसं बुडाली आहेत. लग्न तोंडावर असलेल्या घराने असा धोका पत्करू नये.

टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताची छोटी मैदानं, तासाच्या भाड्याने मिळतात, दिवे असतात, जाळी असते. तरुणांना तेच आवडतं. मला ते या कामासाठी पसंत नाही. तास संपत आला की घड्याळाकडे बघत खेळायचं आणि ज्येष्ठांना बसायला धड जागा नाही.

परवानगी लागते का?

सार्वजनिक मैदानावर वीस माणसांनी चेंडू-फळी घेऊन खेळायला कोणी अडवत नाही. मांडव, स्पीकर, शेगडी यातलं काही आणायचं ठरवलंत की मैदान ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्या ऑफिसात अर्ज करावा लागतो, आणि त्या दिवसापासून भेटीचा कार्यक्रम होतो. शिवाजी पार्क तर उच्च न्यायालयाच्या आदेशाने शांतता क्षेत्र आहे. काहीही आणू नका. तयार नाश्ता आणि पाण्याचे जार, बस.

संघ कसे पाडायचे? मुलाकडचे विरुद्ध मुलीकडचे?

कधीही नाही. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. एक घर विरुद्ध दुसरं घर असा सामना लावला की कोणीतरी हरणार, आणि हरलेलं घर लग्नाच्या दिवशीही ते लक्षात ठेवणार. जिंकलेल्या बाजूचा एखादा भाचा मांडवात टोमणा मारणारच.

आपण लहानपणी चाळीत जोड्या पाडायचो ना, तसं करा. दोन्हीकडचा एकेक तरुण कप्तान करा. बाकीच्यांच्या जोड्या लावा. प्रत्येक जोडीत एक इकडचा, एक तिकडचा, वयाने आणि नात्याने साधारण सारखे. काकाला काका, मामाला मामा, धाकट्या भावाला धाकटा भाऊ. जोडीने दहा पावलं लांब जायचं, आपसांत दोन गुपित नावं ठरवायची आणि परत येऊन कप्तानांना विचारायचं, “हापूस हवा की पायरी?” ज्याने हापूस मागितला त्याच्याकडे हापूस गेला, पायरी दुसऱ्याकडे. संघ आपोआप मिसळतात आणि बरोबरीचेही होतात.

पण खरी किमया त्या दहा पावलांत आहे. दोन अनोळखी माणसांना कानात कुजबुजून काहीतरी ठरवायचं असतं. २०१५ साली दोन व्याही असेच बाजूला गेले. दोघांनी साठी ओलांडलेली, दोघंही याद्यांच्या बैठकीत एकमेकांशी “आपण म्हणाल तसं” एवढंच बोललेले. पाच मिनिटं झाली, सात झाली, तरी येईनात. कप्तान हाका मारत होते. शेवटी आले आणि मुलाचे वडील म्हणाले, “ट्राम हवी की डबलडेकर?” दोघांनीही लहानपणी वडिलांचं बोट धरून ट्रामने प्रवास केला होता. मुंबईची ट्राम १९६४ साली बंद झाली. पन्नास वर्षांनंतर ती या दोघांना मैदानाच्या कडेला पुन्हा सापडली. त्या दिवसापासून ते एकमेकांना ‘ट्राम’ आणि ‘डबलडेकर’ म्हणूनच हाक मारतात.

नवऱ्या मुलाने कोणत्या बाजूने खेळायचं?

दोन्ही. तो ‘कॉमन’. आपल्या गल्लीत माणसं विषम झाली की एक जण कॉमन असायचा, दोन्ही डावांत फलंदाजी करायचा आणि त्याच्यावर दोन्ही संघ हक्क सांगायचे. नवऱ्या मुलासाठी याहून चांगली जागा मला सुचलेली नाही. त्याला आउट करण्याचा मान मुलीच्या भावाला द्यावा. लग्नात कान पिळायचा आहेच, इथे सुरुवात होऊ दे.

खेळाचे नियम काय ठेवावेत?

टेनिस बॉल, सहा किंवा आठ षटकं, हात खालून चेंडू टाकायचा. प्रत्येकाला निदान एक षटक टाकायला आणि फळी हातात धरायला मिळालीच पाहिजे, मग त्याला खेळता येवो न येवो. एक टप्पा एक हात आउट, म्हणजे टप्पा पडलेला चेंडू एका हाताने झेलला तरी आउट. पन्नाशीपुढच्यांसाठी पहिला चेंडू ट्रायल, त्यावर आउट नाही, आणि त्यांच्यासाठी दुसऱ्याने धावायची मुभा. लग्न महिन्यावर आलेलं असतं, म्हणून सूर मारून झेल घेणं सक्त बंद. एकदा मुलीच्या भावाचं मनगट मुरगळलं आणि लग्नात अक्षता डाव्या हाताने टाकाव्या लागल्या.

क्रिकेट नकोसं असेल तर लगोरी खेळा. सात चपट्या दगडांत तेवढंच काम होतं, आणि आजोबा मंडळी त्यात नातवांना भारी पडतात.

आजोबांचं आणि न खेळणाऱ्यांचं काय?

पंच दोन हवेत, एक इकडचे आजोबा, एक तिकडचे. वाद झाला तर दोघांनी मिळूनच निर्णय द्यायचा. धावफलक लिहायला दोघं, तेही दोन्हीकडचे, एकाच वहीत. वही मध्ये असावीच लागत असेल तर ती अशी असू दे. घडीच्या चार खुर्च्या न्या. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या कोणाच्या राहिल्या नाहीत ना, हे निघतानाच फोन करून विचारा. सकाळी लवकर निघायच्या गडबडीत ते हमखास विसरतं.

खायला काय ठेवावं?

उभ्याने, हातात धरून खाता येईल असं. आमच्याकडे एक बाजू मोठ्या डब्यांत पोहे आणते, दुसरी वडापाव किंवा इडल्या. बायकांना पहाटे उठवून पोहे करायला लावू नका. आदल्या दिवशी ऑर्डर द्या, नाहीतर पुरुषांनीच करा. आमच्या शेवटच्या भेटीत दोन घरांतल्या दोन काकांनी साडेपाचला एका स्वयंपाकघरात भेटून पंचवीस जणांची मटकीची उसळ केली होती. तिखट जास्त झालं, पण टोप रिकामा झाला.

पाणी माणशी किमान लिटरभर धरा. त्याशिवाय मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत किंवा कोकम. चहाचा मोठा थर्मास. कागदी कप आणि पत्रावळी परत नेण्यासाठी गोणपाट न्या; मैदान आपण आलो तेव्हा होतं त्याहून स्वच्छ दिसलं पाहिजे.

थंडीत पोपटी लावता येईल का?

येईल, पण मुंबईच्या मैदानावर नाही. त्यासाठी पनवेल, पेण, अलिबागकडे कोणाचं तरी स्वतःचं शेत हवं. शेत असेल तर मी म्हणेन क्रिकेटही राहू दे, पोपटीच लावा. एका घराने भांबुर्डा या रानवनस्पतीचा पाला खुडायचा, दुसऱ्याने वालाच्या शेंगा धुऊन मीठ-ओवा लावायचा. मडक्याच्या तळाशी पाला, मग शेंगा, बटाटे, कांदे, अंडी, चालत असेल तर मसाला लावलेली कोंबडी, तोंडाशी पुन्हा पाला गच्च. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा आणि लाकडं रचून पेटवायचं. साधारण अर्ध्या तासाने वरून पाण्याचे थेंब टाकायचे, चर्र आवाज होऊन लगेच उडाले की झालं.

तो अर्धा तास सगळे जाळाभोवती गोल उभे असतात, आणि गोलात कोणाचीच बाजू नसते. सुकं गवत आधी काढून टाका आणि पाण्याच्या दोन बादल्या जवळ ठेवा.

दारू?

नाही. उघड्यावर पिणं बेकायदा आहेच, पण मुख्य कारण ते नाही. दारू आली की पिणारे एका बाजूला आणि न पिणारे दुसऱ्या बाजूला होतात, जावई सासऱ्यासमोर अवघडतो आणि या नाजूक दिवसांत बोलला गेलेला एखादा शब्द वर्षानुवर्षं मिटत नाही. तरुणांना त्यांची पार्टी वेगळी करू द्या.

खर्च कोणी करायचा?

अर्धा अर्धा. मुलीकडच्यांनी पुढे होऊन “राहू द्या, आम्ही बघतो” म्हटलं तरी मुलाकडच्यांनी मानायचं नाही. मागच्या वेळी २३ माणसांचा सगळा खर्च ४,६०० रुपये आला, म्हणजे माणशी दोनशे. दोन्हीकडचा एकेक जण ठरवा आणि त्या दोघांनी मैदानावरच हिशेब मिटवून टाकावा.

देण्याघेण्याचा विषय निघाला तर?

तिथल्या तिथे थांबवा. हुंडा देणं आणि घेणं दोन्ही १९६१च्या कायद्याने गुन्हा आहे, त्यावर बोलायला कुठलीच जागा योग्य नाही. पण हॉल, कॅटरर, मानपान हेही या सकाळी काढायचं नाही. आमच्याकडे त्यासाठी बोलावतानाच सांगतात, “लग्नाचं एक अक्षर बोलायचं नाही.” कोणी बोललंच तर दोन्ही पंचांनी त्याला एक षटक बाहेर बसवायचं. आजवर चार जण बसले आहेत, त्यातले दोघे चुलत सासरे.

फक्त पुरुषच का? बायकांना वगळणं बरोबर आहे का?

वगळायचा हेतू नाही. बायकांची ओळख तोवर झालेली असते. साड्यांच्या खरेदीला दोन्हीकडच्या बायका दादरला तीनदा जाऊन आलेल्या असतात, बांगड्या, रुखवत, दागिने यांचे फोन रोज चालू असतात, कोणाला कशाची ॲलर्जी आहे हे त्यांना पाठ असतं. मागे पडलेले असतात ते पुरुष. त्यांची उणीव भरून काढायला ही सकाळ आहे. नवरी मुलीला खेळायचं असेल तर तिला अडवणारे आपण कोण? आमच्या घरातल्या तिसऱ्या लग्नाची नवरी कॉलेजच्या क्रिकेट संघात होती. तिने होणाऱ्या सासऱ्यांचा त्रिफळा उडवला आणि ते दिवसभर ज्याला त्याला ते कौतुकाने सांगत होते.

एक घर मराठी नसेल तर?

मग तर ही भेट जास्तच उपयोगी. क्रिकेटची भाषा मुंबईत सगळ्यांना येते. नाश्त्याचं मात्र आधी विचारा. जैन कुटुंब असेल तर कांदा-बटाट्याशिवायचा पदार्थ वेगळ्या डब्यात आणि वेगळ्या चमच्याने.

पाऊस आला तर?

हलका असेल तर खेळत राहा. मुंबईची कांगा लीग ही क्रिकेट स्पर्धा १९४८ साली पावसाळ्यात खेळण्यासाठीच सुरू झाली. विजा चमकत असतील तर ताबडतोब मैदान सोडा.

मुलीला वडील नाहीत, भाऊही नाही. तिच्या बाजूने कोण उभं राहणार?

हा प्रश्न मला एका आईने फोनवर विचारला होता, फार हळू आवाजात. मुलीकडे पुरुष म्हणावेत असे दोघेच : चौदा वर्षांचा भाचा आणि परळच्या चाळीतले शेजारचे काका, गिरणीतून निवृत्त झालेले. १९८२च्या संपानंतर या काकांनी बरीच वर्षं मिळेल ते काम केलं होतं, आणि मुलीला दहावीपर्यंत गणित त्यांनीच शिकवलं होतं.

मी त्यांना म्हणालो, तुमच्याकडून दोघं नाहीत, बारा आहेत. मुलीच्या ऑफिसातले तिचे चार मित्र, आईच्या बँकेतले दोन सहकारी, चाळीतली चार मुलं. रक्ताचं नातं कोणी विचारत नाही. जोड्या पाडल्यावर तर कोण कोणाकडचं हेच उरत नाही. मुलाकडच्यांनाही आम्ही आधी सगळं सांगितलं होतं. त्यांनी आपली माणसं बावीसवरून बारावर आणली आणि त्याचा कुठे उल्लेखही केला नाही.

शेजारचे काका आणि मुलाचे आजोबा पंच झाले. एका धावबादवर दोघांचं एकमत होईना, तेव्हा आजोबा म्हणाले, “तुम्ही जवळ होतात, तुम्ही सांगा.” काकांनी मुलाच्या भावाला आउट दिलं. खेळ संपल्यावर आजोबांनी त्यांचा पत्ता विचारून घेतला आणि गुढीपाडव्याला काठी टेकत तिसऱ्या मजल्यावर चढून गेले. आता महिन्यातून एकदा ते दोघं शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसतात. चहाचा थर्मास सुनेने भरून दिलेला असतो, काकांचा बिनसाखरेचा आणि आजोबांचा दोन चमच्यांचा, म्हणून दोन वेगळे.